निवडक नको, समग्र हवे: अमर शेख यांचा आवाज आणि सोलापूरचे ऋण

#धागा #इतिहास #सोलापूर #शाहिरी

१/
शाहीर अमर शेख यांचे स्मरण वर्षातून तीनदा होते. १ मे, २९ ऑगस्ट आणि २० ऑक्टोबर, म्हणजे महाराष्ट्र दिन, पुण्यतिथी आणि जयंती. तिन्ही दिवशी तेच एक छायाचित्र फिरते, संयुक्त महाराष्ट्राची तीच दोन-तीन गाणी वाजतात आणि ‘नावाप्रमाणेच अमर’ ही कोटी नव्याने सुचल्यासारखी केली जाते. दुसऱ्या दिवशी सारे शांत. सुमारे तीन दशके गात राहिलेल्या माणसाची शिल्लक एवढीच असेल, तर त्या स्मरणाला स्मरण म्हणावे का? हा धागा त्या प्रश्नाविषयी आहे. लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
प्रथम एक परका शब्द. पाश्चात्त्य संगीतात ‘बॉक्स सेट’ नावाचा प्रकार रूढ आहे. एखाद्या जुन्याजाणत्या बँडची वा गायकाची अख्खी कारकीर्द एका पेटीत घातली जाते: गाजलेली गाणी, न गाजलेली गाणी, अर्ध्यावर सोडलेले प्रयत्न, प्रत्यक्ष मैफलीतील मुद्रणे आणि सोबत सविस्तर टिपणांची पुस्तिका. बॉब डिलन यांचा ‘बायोग्राफ’ १९८५ साली निघाला. त्यात पाच तबकड्या आणि ५३ गाणी होती. पुढे ही रीतच पडली. चाहते अशा पेटीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहतात, कारण आवडत्या कलावंताची वाढ, वळणे आणि घसरणी तिच्यात सलग ऐकू येतात.

३/
मराठीत बँड कुठे होते, असे कोणी विचारील. होते, त्यांना ‘फड’ आणि ‘कलापथक’ म्हणत. ढोलकी, डफ, तुणतुणे, मुख्य शाहीर, त्याच्या ओळी झेलणारे झीलकरी, स्वतःची रचना, स्वतःचा श्रोतृवर्ग आणि गावोगावचे दौरे. यापैकी विसाव्या शतकातील सर्वांत प्रभावी संच म्हणजे १९४४ साली मुंबईत उभे राहिलेले ‘लाल बावटा कलापथक’. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर हे त्याचे तीन खांब. वाटेगावचे अण्णा भाऊ, बार्शीचे अमर शेख: गिरणगावाच्या चाळींत ही सारी गावे एका सुरात आली.

४/
अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६, बार्शी. गाण्याचा पहिला संस्कार आई मुनेरबी यांच्या तोंडच्या लोकगीतांचा. पोटासाठी कधी मोटारीवर क्लीनर, कधी गिरणीत कामगार. गिरणी कामगारांच्या लढ्यात उतरल्यामुळे विसापूरचा तुरुंग वाट्याला आला आणि तेथे रघुनाथ कऱ्हाडकर यांच्या सहवासात साम्यवादी विचार रुजला. म्हणजे हा शाहीर कोणा गुरूच्या फडातून तयार झाला नाही. घर, गॅरेज, गिरणी आणि तुरुंग ही त्याची तालीम.

५/
तो काळ सोलापूरसाठी साधा नव्हता. मे १९३० मध्ये ब्रिटिशांनी या शहरावर मार्शल लॉ लादला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी दिली गेली. बार्शीतला तो मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा होता. चार हुतात्म्यांच्या नावांतच या जिल्ह्याचा सामाजिक पट दिसतो. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच गल्लीत बोलणारा गिरण्यांचा जिल्हा. अमर शेख यांच्या गळ्यातली मराठी याच मिश्र हवेत पिकली, हे विसरले की त्यांच्या आवाजाचे निम्मे कारण हरवते.

६/
आता हिशेब. कागदावर काय आहे? ‘अमरगीत’ (१९५१) हा गीतसंग्रह, ‘पहिला बळी’ (१९५१) हे नाटक, ‘कलश’ (१९५८) आणि ‘धरतीमाता’ (१९६३) हे काव्यसंग्रह. छत्रपती शिवाजी महाराज, होळकर आणि उधमसिंग यांच्यावरील पोवाडे. ‘युगदीप’ आणि ‘वख्त की आवाज’ ही त्यांनी चालविलेली नियतकालिके. पडद्यावर ‘महात्मा फुले’ आणि ‘प्रपंच’ या चित्रपटांतील भूमिका. यादी छोटी नाही. पण तिच्यात मुख्य वस्तूच बहुतांशी नाही. ती वस्तू म्हणजे आवाज. आजच्या तरुणाला अमर शेख ऐकावेसे वाटले, तर हाती लागतात ती विखुरलेली मोजकी गाणी, बहुधा सालाशिवाय, साथीदारांच्या नावांशिवाय.

७/
‘शब्द छापले आहेत ना, मग झाले’ असे म्हणणाऱ्यांचे येथे पहिले खंडन. पोवाडा हा छापून पुरा होणारा प्रकार नाही. शाहीर चौक गातो, मध्येच थांबून गद्यात प्रसंग समजावतो, समोरच्या गर्दीचा अंदाज घेतो, एखादी ओळ तिप्पट ताणतो, दुसरी गाळतो. झीलकरी ती ओळ उचलतात. डफ पुढच्या चौकाची चाहूल देतो. छापील संहितेत यातले काही उतरत नाही. नाटकाची संहिता वाचून नटाचा अभिनय कळत नाही, तसेच. शाहिराचे ‘समग्र वाङ्मय’ काढले आणि ध्वनी वगळला, तर ते समग्र राहत नाही.

८/
मग आवाज इतका कमी का उरला? पहिले कारण तांत्रिक. त्या काळची ७८ फेऱ्यांची, दहा इंची, लाखेची तबकडी एका बाजूला सुमारे तीन मिनिटे वाजत असे. पोवाडा अर्धा तास, तास, कधी त्याहून अधिक चालणारा. तीन मिनिटांत पोवाडा मावत नाही. मावते ते गाणे. त्यामुळे तबकडीवर जाण्याची संधी मिळालीच, तर ती सुट्या गीताला मिळे. पोवाड्याचा मधला गद्य भाग, पाल्हाळ, श्रोत्यांशी चाललेली देवाणघेवाण ही शाहिरीची खरी ताकद. पण ती तंत्राच्या दारातच अडली. ज्याला पुढची पिढी ‘शाहिराची गाणी’ म्हणते, ती तबकडीच्या मापाने कापलेली शाहिरी असते.

९/
दुसरे कारण राजकीय. १९४३ साली इप्टाची स्थापना झाली, तेव्हा आणि त्यानंतरही नाट्यप्रयोगांवर १८७६ च्या वसाहतकालीन कायद्याची टांगती तलवार होती. स्वातंत्र्य आले, कायदा राहिला. १९५६ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला, तोही लखनौतील इप्टाच्याच एका प्रयोगाच्या खटल्यात. इकडे मुंबई प्रांतात स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच वर्षांत लाल बावटा कलापथकावर बंदी आली. ज्या फडाला मैदान मिळणे कठीण, त्याच्यासमोर ध्वनिमुद्रणाचे यंत्र कोण ठेवणार? बंदीने त्या काळचे कार्यक्रम रोखले आणि पुढच्या पिढ्यांचे ऐकणेही रोखले.

१०/
तिसरे कारण मात्र तंत्राचे नाही, सरकारचेही नाही. ते चाहत्यांचे आहे, आणि या धाग्याचा खरा रोख त्यावर आहे. मराठी समाजाला शाहीर ‘निवडक’ स्वरूपात आवडतो. अण्णा भाऊंच्या लेखनाचा शासनाने १९९८ साली काढलेला ग्रंथ महत्त्वाचा आहे, त्यामुळे असंख्य वाचक त्यांच्यापर्यंत पोहोचले. पण त्याचेही नाव ‘निवडक वाङ्मय’ असेच आहे. कादंबऱ्या, कथा, लोकनाट्ये, पोवाडे, प्रवासवर्णन एवढा पसारा एका ग्रंथात घ्यायचा तर निवड करावीच लागते. प्रश्न निवडीचा नाही. निवडीलाच संपूर्ण मानून थांबण्याच्या सवयीचा आहे.

११/
अमर शेख यांच्या बाबतीत ही निवड कशी झाली ते पाहावे. संयुक्त महाराष्ट्राचा शाहीर: ठेवला. शिवरायांचा पोवाडा गाणारा शाहीर: ठेवला. गोवा मुक्तीसाठी गाणारा शाहीर: अधूनमधून आठवला. संपाच्या फाटकावर गाणारा कामगार: गाळला. उधमसिंगावर पोवाडा रचणारा: गाळला. हिंदुस्थानी नावाचे नियतकालिक चालविणारा संपादक: पार गाळला. जो उरला तो निरुपद्रवी आहे. त्याला कोणत्याही व्यासपीठावर, कोणत्याही पक्षाच्या फलकावर बसवता येते. स्वतः अमर शेख यांना मात्र कोणत्याही व्यासपीठावर बसवणे सोपे नव्हते.

१२/
याची उलट बाजूही तितकीच अप्रामाणिक आहे. डाव्या चाहत्यांची स्वतःची ‘निवड’ आहे. १९४२ साली कम्युनिस्ट पक्षाने दुसऱ्या महायुद्धाला ‘लोकयुद्ध’ ठरवून ‘छोडो भारत’ आंदोलनापासून फारकत घेतली. याच वातावरणात अण्णा भाऊंचा स्टालिनग्राडचा पोवाडा जन्मला. बंगालच्या दुष्काळावरील पोवाडा सगळे आठवतात. स्टालिनग्राडचे नाव निघाले की काहींना खोकला येतो. पुढे १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी अमर शेख देशरक्षणासाठी जागृती करीत फिरले, तेही काही जुन्या सोबत्यांना पचले नसणार. संपूर्ण संचात हे सारे शेजारी शेजारी बसले पाहिजे.

१३/
येथेच बॉक्स सेट या कल्पनेचे ऐतिहासिक मूल्य आहे. ‘सर्वोत्तम दहा’ हा प्रकार कलावंताची खुशामत करतो. संपूर्ण पेटी त्याला कालक्रमात उभे करते. फसलेले प्रचारगीत, दुसऱ्या दिवशी शिळी झालेली तत्कालीन टीका, घाईत जुळवलेले यमक हे सारे ऐकले म्हणजेच कळते की उत्तम रचना कोणत्या ढिगाऱ्यातून वर आली. शाहीर रोज गातो. रोज गाणाऱ्याची प्रत्येक रचना श्रेष्ठ नसते, आणि तशी अपेक्षा धरणे हा त्याच्या व्यवसायाचा अपमान आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तर त्या सामान्य रचनाच अधिक बोलक्या असतात. त्या दिवशी त्या गावात लोकांना काय ऐकायचे होते ते त्यांतून कळते.

१४/
आचार्य अत्रे यांनी अमर शेख यांना ‘महाराष्ट्राचा मायकोव्हस्की’ म्हटले. हे विशेषण प्रत्येक जयंतीला उद्धृत होते. ज्याची उपमा दिली त्या रशियन कवीचे पुढे काय झाले, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. १९२० साली सर्गेई बर्नश्टाइन या भाषाभ्यासकाने मायकोव्हस्कीचे काव्यवाचन मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रित केले. यादवी युद्धाने पोखरलेल्या, भुकेल्या रशियात एका अभ्यासकाला हे सुचले. कवी १९३० साली गेला. शंभर वर्षांपूर्वीचा तो खरखरता आवाज आजही ऐकता येतो. महाराष्ट्राने आपल्या मायकोव्हस्कीला विशेषण दिले. नळकांडे आणून समोर ठेवले असते, तर त्या विशेषणाला वजन आले असते.

१५/
सोलापूरला हा धडा नवा नाही. तो त्याला दीडशे वर्षे आधीच मिळाला होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात याच सोलापुरात राम जोशी जन्मले. घराणे वेदपाठी, बंधू मुद्गल जोशी कीर्तन-पुराण करणारे, आणि राम जोशींचे मन मात्र तमाशाच्या फडात. घरातून बाहेर पडावे लागले, पंढरपुरी जाऊन संस्कृताचे अध्ययन केले आणि परत येऊन लावणी अशी रचली की पंडितांनीही मान डोलवावी. मोरोपंतांच्या सांगण्यावरून त्यांनी डफ फोडला आणि कीर्तनाचा मार्ग धरला, अशी आख्यायिका आहे.

१६/
ती आख्यायिका खरी असो वा नसो, समाजाने तिचा उपयोग कसा केला ते पाहण्याजोगे आहे. पश्चात्ताप पावलेला, डफ फोडलेला राम जोशी सभ्य वाचकाला सोयीचा. फडात रात्र रात्र गाणारा राम जोशी गैरसोयीचा. म्हणजे ‘निवडक’ची खोड जुनीच. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॅरी आर्बथनॉट अ‍ॅकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी जुने पोवाडे गोळा करून १८९१ साली संग्रह छापला. तोंडी चालत आलेली रचना कागदावर उतरवणे हे मोठे काम होते. त्या पिढीकडे ध्वनी साठवण्याचे साधन नव्हते, म्हणून तिला दोष देता येत नाही. नंतरच्या पिढ्यांना ही सवलत नाही.

१७/
आवाज गेला की त्याची जागा रिकामी राहत नाही. कोणीतरी ती भरून काढते. १९४७ साली राजकमलचा ‘लोकशाहीर राम जोशी’ आला. ग. दि. माडगूळकरांची लेखणी, वसंत देसाई यांचे संगीत, जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांच्या भूमिका. चित्रपट अप्रतिम गाजला, आणि त्याने मराठी घराघरांत लावणी नेली, याबद्दल कृतज्ञताच हवी. परंतु आज ‘राम जोशींची चाल’ म्हणून जी गुणगुणली जाते ती विसाव्या शतकातील ध्वनिपटाची चाल आहे. पेशवाईतल्या फडाचा सूर तिच्यामागे कायमचा झाकला गेला. तो आता कोणालाही परत आणता येणार नाही.

१८/
म्हणून दुसरे खंडन: ‘नव्या कलावंतांनी अमर शेखांची गाणी गायली की पुरे.’ जरूर गावीत. शाहिरी गायल्यानेच जगते. पण नवी मुद्रणे मूळ आवाजाची जागा घेऊ लागली, तर राम जोशींचे झाले तेच होईल. मंद प्रकाश, पाश्चात्त्य वाद्यमेळ, स्वच्छ मुद्रण, सुरेल समूहस्वर, ऐकायला गोड. गिरणीच्या फाटकावर ध्वनिक्षेपकाशिवायही शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा तो पहाडी आवाज मात्र त्यात नसेल. राम जोशींच्या बाबतीत दुसरा पर्याय उरला नव्हता. अमर शेख यांच्या बाबतीत अजून आहे.

१९/
तिसरे खंडन: ‘असल्या संचाला बाजार नाही.’ १९५२ साली अमेरिकेत हॅरी स्मिथ या संग्राहकाने १९२७ ते १९३२ या काळातील जुन्या व्यावसायिक तबकड्यांतून ८४ मुद्रणे निवडून तीन भागांचा संच काढला. गायक बहुतेक खेड्यांतले, विस्मृतीत गेलेले. संच भरमसाट खपला नाही. तरीही पुढच्या दशकातील लोकसंगीताच्या पुनरुज्जीवनाचा तो पाया ठरला. तरुण डिलनच्या पिढीने त्यातूनच जुनी गाणी उचलली. थोड्या पण योग्य कानांपर्यंत पोहोचलेल्या संचाचे काम खपाच्या आकड्यात मोजता येत नाही.

२०/
राजकीय गाण्यांचेही असेच. १९९६ साली बेअर फॅमिली या जर्मन कंपनीने अमेरिकेतील डाव्या चळवळीच्या गाण्यांचा दहा सीडींचा संच काढला. संपगीते, युनियनची गाणी, पक्षाची भूमिका बदलल्यामुळे रातोरात अडचणीची ठरलेली युद्धविरोधी गाणीसुद्धा. काही लपवले नाही. चिलीमध्ये १९७३ च्या लष्करी उठावात गायक व्हिक्टर हारा यांची हत्या झाली. त्यांच्या पत्नी जोन यांनी ध्वनिफिती देशाबाहेर नेल्या, म्हणून तो आवाज जगाला मिळाला. या दोन्ही ठिकाणी कोणीतरी ठरवले होते की आवाज हाही दस्तऐवज आहे. प्रेमाने भारलेल्या माणसांची तेथेही वाण नव्हती. पण काम झाले ते या निर्णयामुळे.

२१/
चौथे खंडन सर्वांत फसवे: ‘शाहिरी ही क्षणाची कला, तिला पेटीत बंद करणे म्हणजे तिला मारणे.’ हे वाक्य सुंदर आहे आणि ते उच्चारणाऱ्याला काहीच करावे लागत नाही. शास्त्रीय गायनही क्षणाचीच कला आहे. तरी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या जिवापाड जपल्या जातात आणि त्यामुळे किराना घराणे मेले असे कोणी म्हणत नाही. ख्यालगायकाचा खरखरता तुकडा ‘वारसा’ आणि शाहिराचा तुकडा ‘क्षणभंगुर’, या भेदामागे सौंदर्यशास्त्र नाही. कोणाच्या गळ्याला किंमत द्यायची, याविषयीची जुनी उतरंड आहे.

२२/
आता कायदा. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार (१९५७) ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील हक्क त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे. अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ रोजी गेले. अमर शेख २९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ अपघातात गेले. एका कलापथकाचे दोन खांब अवघ्या ४२ दिवसांत कोसळले. याचा कायदेशीर अर्थ असा की १ जानेवारी २०३० रोजी दोघांचेही हयातीत प्रसिद्ध झालेले शब्द सार्वजनिक मालकीचे होतील. १९६० साली प्रकाशित झालेल्या तबकडीवरील मुद्रणहक्क तर २०२० च्या अखेरीसच संपला. इतर गीतकार-संगीतकारांचे हक्क तेवढे वेगळे तपासावे लागतील.

२३/
म्हणजे कायद्याचे दार उघडत आहे. आत काय सापडेल हा प्रश्न मात्र रसायनशास्त्राचा आहे. लाखेची तबकडी पडली की फुटते. अ‍ॅसिटेटची जुनी ध्वनिफीत उष्ण आणि दमट हवेत कुजू लागते. तिला व्हिनेगरचा आंबूस वास येतो, ती आक्रसते, सुरकुतते आणि एके दिवशी यंत्रावर चढत नाही. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखालच्या माळ्यावर तो त्याहून वाईट. कोणाच्या तरी ट्रंकेत पडलेली फीत २०३० ची वाट पाहत थांबणार नाही.

२४/
असा संच कसा असावा? एक, रचना कालक्रमाने. दोन, प्रत्येक मुद्रणाला साल, ठिकाण आणि साथीदारांची नावे. ढोलकीवाला आणि झीलकरी अनामिक राहता कामा नयेत. तीन, कलापथकातील तिघांचे आवाज एकत्र. अमर शेख यांना एकटे काढून पुतळा करू नये. चार, चित्रपटांतील ध्वनीही त्यात हवा. पाच, संपगीत, देशगीत, पक्षगीत असा भेद न करता सारे. सहा, पुस्तिकेत पोवाड्यांची पूर्ण संहिता. आणि सात, ज्या रचनेचा ध्वनी उरलेला नाही, तिचेही नाव यादीत, पुढे फक्त दोन शब्द: ‘ध्वनी अनुपलब्ध’.

२५/
हे सातवे कलम सर्वांत महत्त्वाचे. संग्राहकाला रिकाम्या जागांची लाज वाटते, म्हणून तो त्या दिसू देत नाही आणि उरलेल्यालाच ‘संपूर्ण’ म्हणतो. प्रामाणिक संचात त्या जागा मोजता आल्या पाहिजेत. दहा पोवाड्यांच्या नावांपुढे ‘ध्वनी अनुपलब्ध’ असे छापलेले तरुण वाचक पाहील, तेव्हा बंदी, दारिद्र्य आणि दुर्लक्ष यांनी काय गिळले याचा त्याला पहिल्यांदा अंदाज येईल. शिवाय अशी यादी शोधयादीचे काम करते. काय हरवले आहे हे ठाऊक नसलेला समाज ते शोधणार कसे?

२६/
हे कोणी करायचे? सोलापुरात विद्यापीठ आहे, आकाशवाणीचे केंद्र आहे, जुनी ग्रंथालये आहेत. विद्यापीठाला अहिल्यादेवी होळकरांचे नाव आहे, आणि होळकरांवरचा पोवाडा ज्याने गायला तो शाहीर याच जिल्ह्यातला. मुंबई विद्यापीठात अमर शेख यांच्या नावाचे अध्यासन आहे. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. घटक सारे हाताशी आहेत. त्यांना एका टेबलाशी बसवणारा आग्रह नाही. पुतळे आणि चौकांची नामकरणे यांसाठी मोर्चे निघतात. ध्वनिफितीच्या अंकीकरणासाठी एखादे निवेदन दिले गेले, तर ते सोलापूरच्या इतिहासातले नवल ठरेल.

२७/
चाहत्यांचेही काम आहे, आणि ते घरबसल्या सुरू होऊ शकते. १९६० साली पंधरा वर्षांचा असलेला श्रोता आज ऐंशी ओलांडून गेला आहे. बार्शी, करमाळा, माढा, पंढरपूर, सांगोला येथे अशी माणसे आहेत, ज्यांनी कलापथक प्रत्यक्ष ऐकले. कोणता पोवाडा, कोणते मैदान, किती वेळ चालला, झील कोण धरत होते, लोक कोठे हसले, कोठे उठून उभे राहिले, हे त्यांना विचारून मोबाइलवर मुद्रित करावे. चाल आठवत असेल तर गाऊन घ्यावी, बेसूर का होईना. नाव, वय, गाव, तारीख सोबत नोंदवावी. तीन मिनिटांच्या तबकडीत जे मावले नाही, त्याचा काही अंश या म्हाताऱ्या कानांत अजून शिल्लक आहे.

२८/
जुनी तबकडी वा फीत सापडली, तर ती घरच्या यंत्रावर वाजवून पाहण्याचा मोह टाळावा. बोथट सुई एका फेरीत खाचा खरवडते आणि कुजलेली फीत एकदाच तुटते. जाणकाराकडूनच तिची प्रत काढून घ्यावी आणि पाकिटावरचे हस्ताक्षर, शिक्का, क्रमांक यांचेही छायाचित्र ठेवावे. रद्दीत जाणारे कार्यक्रमांचे हस्तपत्रकसुद्धा एखाद्या पोवाड्याचे साल ठरवू शकते.

२९/
१ जानेवारी २०३० हा दिवस फार दूर नाही. त्या दिवशी अमर शेख आणि अण्णा भाऊ यांचे शब्द कायद्याने सर्वांचे होतील आणि ज्याला हवे तो ते छापील, गाईल, विकेल. चकचकीत ‘निवडक’ संच तर आठवड्याभरात निघतील. त्याआधी सोलापूरने आपली यादी तयार ठेवावी: काय आहे, कुठे आहे, काय हरवले. राम जोशींच्या वेळी या शहराला ते शक्य नव्हते. या वेळी नुसती सबब उरेल.

धागा समाप्त.